गैरहजर माणसांची मोजणी

नेरूळमध्ये सिडकोने अनिवासी भारतीयांसाठी बांधलेली मोठी वसाहत आहे. रिक्षावाल्याला ‘एनआरआय कॉम्प्लेक्स’ एवढं सांगितलं की तो पुढचं काही विचारत नाही. परदेशातल्या कमाईने शहराच्या नकाशावर आपली जागा मिळवल्याचं याहून उघड उदाहरण ठाण्यापासून पनवेलपर्यंत सापडणार नाही. मग स्थलांतर आणि विकासाच्या अभ्यासातला नेहमीचा प्रश्न इथेही विचारता येतो. माणसं बाहेर गेली, पैसा आला, त्याने इथलं काय भलं झालं?

प्रश्न सरळ आहे. उत्तर शोधायला बसलं की तीन अडचणी एकामागून एक पुढे येतात. ज्याला विचारायचं तो माणूस इथे नसतो. तो गेलाच नसता तर या घराचं काय झालं असतं, हेही कुठे पाहायला मिळत नाही. आणि जिथून सगळं कुटुंबच गेलं, तिथे दाराला कुलूप असतं. स्थलांतर देशांना श्रीमंत करतं की कंगाल, यावर जे मोठमोठे वाद झाले, त्यांतले बरेचसे मुळात या तीन गैरहजेऱ्या कोणी कशा हाताळल्या याचे वाद आहेत, असं माझं मत आहे. म्हणून इथे सिद्धांतांपेक्षा मोजणीबद्दलच जास्त लिहायचं आहे.

सुरुवात आकड्यांपासून करू. रिझर्व्ह बँकेच्या २०१६-१७च्या पाहणीत, देशात येणाऱ्या रेमिटन्सपैकी, म्हणजे परदेशातून घरी पाठवलेल्या पैशापैकी, महाराष्ट्राचा वाटा १६.७ टक्के होता आणि केरळचा १९. २०२०-२१च्या पाहणीत महाराष्ट्र थेट ३५.२ टक्क्यांवर गेला आणि केरळ १०.२वर आला. २०२३-२४मध्ये महाराष्ट्र पुन्हा २०.५ आणि केरळ १९.७. आता चार वर्षांत महाराष्ट्रातून दुप्पट माणसं बाहेर पडली आणि पुढच्या तीन वर्षांत निम्मी परतली, असं काही घडलेलं नाही. कोविडमध्ये आखातातले कामगार मोठ्या संख्येने परत आले, हे एक कारण खरं. पण ही पाहणी घरोघर जाऊन होत नाही, बँकांकडून माहिती घेऊन होते. बँकेला खातं दिसतं, घर दिसत नाही. कुटुंब खेडला आणि खातं मुंबईतल्या शाखेत, हे कोकणात नवं नाही. शिवाय हे टक्के म्हणजे वाटे आहेत. केरळचा पैसा आटला की महाराष्ट्राचा एक रुपया न वाढताही त्याचा वाटा फुगतो. ‘महाराष्ट्र पहिला’ अशी बातमी वाचताना या दोन गोष्टी डोळ्यांसमोर हव्यात.

या हिशेबात आणखी एक बारकावा आहे. मुलाच्या अनिवासी खात्यातून अधिकारपत्राच्या आधारे आईने नौपाड्यात रुपये काढले, तर देशाच्या परदेशी व्यवहारांच्या ताळेबंदात तीही खासगी हस्तांतरणाची रक्कम धरली जाते. डॉलर कदाचित दोन वर्षांपूर्वीच ठेव म्हणून आलेला असतो. म्हणजे ज्या वर्षी रेमिटन्स ‘वाढला’ असं दिसतं, त्या वर्षी परदेशातली कमाई वाढली असेल, किंवा इथे कोणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं असेल, घराचा ताबा मिळाला असेल. बँकेच्या बेरजेतून हे दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. त्यासाठी घरातच जावं लागतं.

घरात गेल्यावर पहिला पेच ‘कोणाला मोजायचं’ हा. संयुक्त राष्ट्रांच्या १९९८च्या शिफारशीप्रमाणे, नेहमीचा देश सोडून किमान १२ महिने दुसऱ्या देशात राहणारा तो दीर्घकालीन स्थलांतरित. ३ ते १२ महिने राहणारा अल्पकालीन. जगात २०२४मध्ये ३० कोटी ४० लाख आंतरराष्ट्रीय स्थलांतरित असल्याचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे आणि मूळ देश म्हणून भारत सर्वांत वर आहे. ही व्याख्या घेऊन बेलापूर किंवा नेरूळला दार वाजवलं आणि विचारलं, ‘घरातलं कोणी परदेशात आहे का?’, तर उत्तर येतं, ‘नाही हो, मुलगा बोटीवर आहे.’ व्यापारी जहाजावरचा माणूस सहा-नऊ महिन्यांचा करार करतो, घरी येतो, पुन्हा जातो. त्याचा नेहमीचा देश भारतच राहतो. लोकसंख्येच्या हिशेबात तो स्थलांतरित नाही, आणि त्याचा पगारही ताळेबंदात कुटुंबाला पाठवलेला पैसा म्हणून न येता परदेशी मालकाकडून मिळालेलं वेतन म्हणून वेगळ्या रकान्यात बसतो. पण घराचा हप्ता डॉलरवर, बायकोवर सगळ्या घराचा भार आणि वर्षातले कित्येक महिने बाप गैरहजर, हे सगळं आखातातल्या घरासारखंच. नवी मुंबईत पाहणी करायची तर ‘बोटीवर कोणी आहे का’ हा प्रश्न वेगळा छापावाच लागतो.

लग्न झालेल्या मुलीचा प्रश्न याहून अवघड. डोंबिवलीची मुलगी, सासर ठाण्याचं, लग्नानंतर तीन महिन्यांत न्यू जर्सी. माहेरचे सांगतात, ‘मुलगी अमेरिकेत असते.’ सासरचे सांगतात, ‘मुलगा-सून अमेरिकेत.’ दोन्ही घरं नमुन्यात आली तर ती दोनदा मोजली जाते. उलट प्रकारही होतो. माहेरचे म्हणतात ती आता त्यांची, आणि सासरचे फक्त मुलाचं नाव सांगतात. उपाय एकच, नियम आधी ठरवायचा. देश सोडण्यापूर्वी शेवटचं जेवण ज्या चुलीवर, त्या घराच्या नावावर माणूस. आणि माहेरच्या घराला स्वतंत्र प्रश्न, कारण मुली आईवडिलांना पैसे पाठवतात आणि ते ‘भेट’ म्हणून सांगितले जातात.

तिसरा, शिकायला गेलेला. त्याच्या बाबतीत पैसा उलटा वाहतो. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, आणि २०२३-२४मध्ये त्या वाटेने शिक्षणासाठी सुमारे ३५० कोटी डॉलर देशाबाहेर गेले. घोडबंदर रोडच्या टॉवरमधलं कुटुंब स्वतःचा फ्लॅट तारण ठेवून मुलाला पाठवतं, तेव्हा त्या घरात पहिली काही वर्षं विकास येत नसतो, जात असतो. अभ्यासाने फक्त येणारा पैसा मोजला तर हे घर रकान्यात शून्य म्हणून बसतं. तिथे ऋण चिन्ह हवं.

नमुना निवडणं हे खरं जिकिरीचं काम. परदेशात कोणी असलेली घरं शंभरात समजा चार असतील, तर सरसकट हजार घरं विचारून हाती चाळीस लागतात. चाळीस घरांवर कोणताही निष्कर्ष काढू नये. म्हणून शे-दीडशे घरांचे गट नकाशावर पाडून, त्यांतले काही चिठ्ठी टाकून निवडायचे, आणि निवडलेल्या गटातल्या प्रत्येक दाराची आधी फक्त यादी करायची: किती माणसं, कोणी बाहेर आहे का, बोटीवर आहे का, कोणी परतलं आहे का. या यादीतून ‘बाहेर आहे’ आणि ‘नाही’ असे दोन ढीग करून पहिल्यातून जास्त घरं घ्यायची. शेवटी बेरीज करताना त्या जास्तीच्या घरांचं वजन तितकंच कमी करायचं. हे वजन विसरलं की छापून येतं की अमुक वॉर्डात दर तिसऱ्या घरातला माणूस परदेशात आहे.

आणि यादी करायला गेटच्या आत जाता आलं पाहिजे. मुंब्र्यात किंवा कोपरखैरण्याच्या बैठ्या वस्तीत दार उघडं असतं, माणसं बोलतात. टॉवरमध्ये वॉचमन, अॅप, सेक्रेटरी, मग कमिटीची मीटिंग. संस्थेचं पत्र पंधरा दिवस आधी द्यावं लागतं, रविवारी सकाळी जावं लागतं आणि तरी नकार जास्त मिळतात. ज्या घरांतून अमेरिका-कॅनडाला माणसं गेली ती जास्त करून याच गेटांमागे आहेत. त्यामुळे सोय पाहून नमुना भरला की आखात फुगतं आणि अमेरिका आकसते. नकार देणाऱ्या सोसायटीच्या जागी शेजारची सोयीची सोसायटी घालू नये. नकाराची नोंद ठेवावी आणि तिसऱ्यांदा जावं.

कुलूपबंद फ्लॅटचं काय? २०११च्या जनगणनेत शहरी भारतात १ कोटी ११ लाखांच्या आसपास घरं रिकामी नोंदली गेली. त्यांतली किती गुंतवणुकीची, किती न विकलेली आणि किती कायमची बाहेर गेलेल्यांची, हे त्या नोंदीतून कळत नाही. सोसायटीचं मेंटेनन्सचं रजिस्टर मात्र बरंच सांगतं: पैसे कुठून भरले जातात, चावी कोणाकडे असते. सेक्रेटरींना मालकाचं नाव विचारू नये. फक्त ‘सगळे बाहेर’, ‘भाड्याने’, ‘रिकामा’ असे तीन रकाने भरून घ्यावेत. तेवढ्यानेही तिसऱ्या गैरहजेरीचा अंदाज येतो.

आता पैशाचा प्रश्न, जो सगळ्यात जास्त चुकीचा विचारला जातो. ‘महिन्याला किती येतात?’ याला खरं उत्तर मिळत नाही. पैसे महिन्याला येत नाहीत. जूनमध्ये फीला येतात, गणपतीला येतात, ईदला येतात, दुखण्याला येतात. म्हणून शेवटचा व्यवहार विचारायचा. कधी आला, कोणत्या खात्यात, किती रुपये हातात पडले, कोणी काढले, त्याआधीचा कधी? गेल्या बारा महिन्यांना सणांची आणि शाळेच्या तारखांची खुंटी द्यायची. बॅगेतून आलेलं सोनं आणि मोबाइल वेगळे. डॉलर विचारू नका, हातात पडलेले रुपये विचारा. पाठवणाऱ्याने भरलेली फी लोकांना माहीत असते, पण विनिमय दरात कापलं गेलेलं बहुतेकांना माहीत नसतं. जागतिक बँक २०० डॉलर पाठवण्याचा खर्च मोजते तेव्हा हे दोन्ही धरते, आणि २०३०पर्यंत तो ३ टक्क्यांखाली आणायचं जागतिक उद्दिष्ट आहे.

‘तो पैसा कशावर खर्च केला?’ हा प्रश्न तर माझ्या मते यादीतून काढून टाकावा. २०१६-१७च्या त्याच पाहणीत ५९.२ टक्के रेमिटन्स घरखर्चावर, २० टक्के बँकेतल्या ठेवींत आणि ८.३ टक्के जमीनजुमला व शेअरमध्ये गेल्याचं दिसलं. त्यावरून ‘पैसा खाण्यात गेला, विकास झाला नाही’ असं लगेच म्हटलं जातं. पण घरात आल्यावर पैसा विहिरीतल्या पाण्यासारखा एक होतो; कोणती घागर कोणत्या झऱ्याची ते सांगता येत नाही. बाबांच्या पेन्शनमधून किराणा भरला आणि मुलाच्या दिरहमातून धाकटीच्या नर्सिंगची फी, किंवा याच्या उलट, दोन्हीत घराची अवस्था तीच. विचारायचं ते एवढंच: एकूण खर्च किती, शाळेवर किती, औषधावर किती, कर्ज किती उरलं. आणि हे माणूस बाहेर नसलेल्या, बाकी सारख्या घराशी ताडून पाहायचं.

‘बाकी सारख्या’ या शब्दांतच दुसरी गैरहजेरी दडलेली आहे. जो गेला तो राहणाऱ्यापेक्षा धीट असतो, शिकलेला असतो, त्याचा मामा आधीच तिथे असतो. त्याचं घर आज वर आलेलं दिसलं, तर ते जाण्यामुळे की मुळातच तसं असल्यामुळे? हा पेच सोडवायला अभ्यासकांनी फार सुंदर वाटा शोधल्या. न्यूझीलंडने २००२पासून टोंगा या बेटदेशातल्या लोकांसाठी कायम राहायला येण्याच्या वर्षाला २५० जागा सोडत काढून द्यायला सुरुवात केली. जॉन गिब्सन, डेव्हिड मॅकेन्झी आणि स्टीव्हन स्टिलमन यांनी जिंकलेल्यांची तुलना अर्ज करून हरलेल्यांशी केली. धीटपणा दोघांतही होता, फरक फक्त नशिबाचा. जिंकून गेलेल्यांचं उत्पन्न पहिल्या वर्षातच अडीच पटींहून जास्त वाढलं. पण त्याहून मोलाचं पुढे होतं. हाच फायदा त्यांनी नेहमीच्या सांख्यिकी पद्धतींनी मोजून पाहिला, तेव्हा बहुतेक पद्धतींनी तो २० ते ८२ टक्के जास्त दाखवला. सोडत नसलेल्या जगात केलेल्या प्रत्येक अभ्यासाने, आपल्या इथल्यासकट, हा आकडा उशाशी ठेवावा. याच तिघांनी पुढे दाखवलं की निवड तिहेरी असते: कोण जातं, कोणाचं सगळं घर जातं, आणि कोण परततं. मागे उरलेल्या घरांवर काय परिणाम झाला हे मोजताना तिन्ही धरल्या नाहीत तर उत्तर बदलतं.

दुसरी वाट डीन यँग यांची. १९९७च्या आशियाई संकटात फिलिपिनो कामगार जगभर विखुरलेले होते. आखातातला रियाल डॉलरला बांधलेला, तो पेसोच्या तुलनेत चढला. मलेशिया-कोरियात असलेल्यांचं चलन पडलं. कोणाचं नशीब कोणत्या चलनात अडकेल हे आधी कोणाला माहीत नव्हतं. परदेशी चलनाचा पेसोतला दर १० टक्क्यांनी चढला तर पेसोमध्ये येणारा पैसा ६ टक्क्यांनी वाढला, मुलं शाळेत जास्त राहिली, बालमजुरी कमी झाली आणि घरच्या धंद्यात जास्त तास घातले गेले. यँगना कोणालाही ‘पैसा कशावर खर्च केला’ असं विचारावं लागलं नाही.

आपल्याकडे अशी सोडत म्हणजे अमेरिकेच्या एच-वन-बी या कामाच्या व्हिसाची. पण जपून. एकाच उमेदवारासाठी अनेक कंपन्या अर्ज भरू शकत असल्याने २०२४च्या आधीच्या वर्षांत काहींची शक्यता मुळातच जास्त होती, त्यामुळे ती सोडत निर्भेळ धरता येत नाही. या व्हिसाचा दुसरा परिणाम मला जास्त विचार करायला लावतो. अमेरिकेने त्याची वार्षिक मर्यादा २००१ ते २००३मध्ये १,९५,००० केली आणि २००४पासून पुन्हा ६५,०००वर आणली. गौरव खन्ना आणि निकोलस मोरालेस यांनी मांडलं की जाण्याच्या आशेने भारतात असंख्य मुलं संगणकशास्त्राकडे वळली, त्यांतली बरीच गेलीच नाहीत किंवा मुदत संपल्यावर परतली, आणि भारतातला आयटी उद्योग त्यांच्या बळावर वाढला. ऐरोलीच्या आयटी पार्कमधून संध्याकाळी बाहेर पडणारी गर्दी या अर्थाने आंतरराष्ट्रीय स्थलांतराचाच भाग आहे, जरी तिच्यातल्या कित्येकांनी देश कधी सोडलेला नसला. ‘ब्रेन ड्रेन’ म्हणून हळहळणाऱ्यांनी गेलेल्यांसोबत, जाण्यासाठी शिकून राहिलेल्यांनाही मोजायला हवं.

देश सुधारला की लोक जायचे थांबतात, हा समजही असाच तपासण्यासारखा. मायकेल क्लेमेन्स यांच्या मांडणीनुसार क्रयशक्तीने मोजलेलं दरडोई उत्पन्न साधारण १०,००० डॉलरपर्यंत चढताना बाहेर जाणं वाढतं, मग उतरतं. पण असं चित्र बऱ्याचदा वेगवेगळे देश शेजारी ठेवून काढलेलं असतं. एकाच देशाच्या वाटचालीत तो चढ दिसत नाही, असं जर्मनीतल्या कील इथल्या संशोधकांनी दाखवलं. वाद संपलेला नाही.

भूगोलतज्ज्ञ राव्हेन्स्टाइनने १८८५मध्येच लिहून ठेवलं होतं की माणसं टप्प्याटप्प्याने सरकतात. साताऱ्याचा बाप माथाडी कामगार म्हणून कोपरखैरण्याला आला, मुलगा इंजिनिअर होऊन जर्मनीला गेला. आपली जनगणना पहिला टप्पा नोंदवते, दुसरा नाही. दोन्ही टप्पे एकाच अर्जावर यावेत, एवढी साधी दुरुस्ती केली तरी कोणत्या तालुक्यातून कोणत्या देशात वाट जाते ते दिसेल.

आखाताकडे जाणाऱ्यांची सरकारी नोंदही अर्धीच. ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर मंजुरी लागते ती फक्त ठराविक पासपोर्टधारकांना आणि १८ देशांसाठी. दहावी पास झालेल्याला ती लागत नाही. म्हणजे मुंब्र्याचा दहावी झालेला एसी मेकॅनिक दुबईला गेला तर त्या आकड्यात येत नाही, आणि शिक्षण वाढलं की नोंद घटते. एजंटने जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घ्यावा असा नियम आहे. प्रत्यक्ष खर्च विचारताना एकच आकडा मागू नये. एजंट, मेडिकल, ट्रेड टेस्ट, तिकीट, गहाण सोन्याचं व्याज असे तुकडे करून विचारलं की बेरीज सांगणाऱ्यालाही नवी वाटते. मग ती तिथल्या पहिल्या पगाराच्या किती महिन्यांएवढी होते ते काढायचं. विकासाची पहिली काही पावलं या फेडीतच जातात.

सगळंच पैशाने समजत नाही. ठाण्यात १८७९मध्ये बांधलेलं सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळ, आजही उभं आहे. रायगड आणि ठाण्यातले बेने इस्राएली यहुदी १९४८नंतर इस्रायलला जायला लागले ते मजुरीचा दर पाहून नव्हे. तिथे त्यांच्या यहुदी असण्यावरच रब्बींनी शंका घेतली आणि १९६४पर्यंत त्यांना त्याविरुद्ध लढावं लागलं. उत्पन्नाचा रकाना कितीही काटेकोर भरला तरी हे त्यात येत नाही. म्हणून ‘का गेले?’ या प्रश्नाखाली पर्याय छापू नयेत, कोऱ्या ओळी ठेवाव्यात.

केरळने हे काम १९९८पासून केलं आहे. के. सी. झकारिया आणि एस. इरुदया राजन यांनी तिरुवनंतपुरमच्या विकास अभ्यास केंद्रातून सुरू केलेली पाहणी ठराविक वर्षांनी त्याच पद्धतीने पुन्हा होते. १९९८मध्ये १३.६ लाख, २०१८मध्ये २१ लाख, २०२३मध्ये २२ लाख केरळी बाहेर होते. आकडा थबकला, पण त्यातले विद्यार्थी पाच वर्षांत १.२९ लाखांवरून अडीच लाखांच्या घरात गेले, हे फक्त मालिकेमुळे दिसलं. गोव्यातही २००८मध्ये आणि तामिळनाडूत २०१५मध्ये अशी पाहणी झाली. महाराष्ट्रात अशी सलग मालिका नाही, आणि देशात पैसा आणण्यात पहिल्या क्रमांकावर असलेल्या राज्याला हे शोभत नाही. कोकण आणि ठाणे-नवी मुंबईपासून सुरुवात केली तर पहिली फेरी अवघड नाही. अवघड दुसरी, कारण भाडेकरू बदलतात आणि इमारती पुनर्विकासाला जातात. म्हणून पहिल्याच फेरीत प्रत्येक घराकडून, त्यांच्या संमतीने, त्यांचा ठावठिकाणा सांगू शकतील अशा दोन नातेवाइकांचे फोन घ्यावेत. गावाकडचा एक असलेला बरा, त्याचा नंबर सहसा बदलत नाही.

आणखी एक पान अर्जाला जोडायला हवं. मुलगा बोस्टनला, आईवडील ठाण्यात सत्तरीच्या पुढे. त्याच्या डॉलरमधून ब्युरोकडून आलेल्या मावशींचा बारा तासांच्या ड्युटीचा पगार जातो. मावशी जव्हार-मोखाड्याच्या, त्यांची स्वतःची मुलं आजीकडे. त्या पगारातून तिकडे पत्रे बदलले का, मुलगी आश्रमशाळेतून पुढे शिकली का, आणि आजीचं पाहायला कोण आहे? स्थलांतराचा विकासाशी असलेला खरा संबंध ठाण्यातल्या फ्लॅटपेक्षा त्या घरात जास्त स्पष्ट दिसेल, असं मला वाटतं. तिथला पैसा थोडा, त्यामुळे त्याने घडणारा फरक मोठा. पण पाहणी पैसे घेणाऱ्या पहिल्या दाराशी थांबते. मावशींना विचारायचं तर मालकांसमोर विचारू नये, ड्युटी संपल्यावर बसस्टॉपपर्यंत सोबत चालत विचारावं. आणि अंदाजपत्रकात जव्हारपर्यंतच्या एसटीचा आणि तिथल्या दोन मुक्कामांचा खर्च पहिल्या दिवसापासून धरावा, कारण मंजूर रकमेत तो मागाहून बसवता येत नाही.